पाणी साचलेल्या जमिनीतलं तांबं: मोजायचं कसं, द्यायचं कधी आणि हात कधी आवरायचा

मे महिन्यात मातीचा अहवाल येतो: तांबं ०.४ पीपीएम (किलोमागे मिलिग्रॅम), शेरा ‘पुरेसं’. जुलैअखेर खाचरातल्या भाताचं नवं पान उलगडत नाही, सुईसारखं गुंडाळलेलं राहतं. मग प्रयोगशाळेला नावं ठेवली जातात, नाहीतर दुकानातून सूक्ष्म अन्नद्रव्यांची बाटली येते. खरं तर अहवालही बरोबर असतो आणि पानही. अहवाल कोरड्या मातीचा असतो, भात उभा असतो चिखलात, आणि तांब्यापुरतं बोलायचं तर या दोन वेगळ्या जमिनी आहेत.

तांब्याची कमतरता आपल्याकडे मुळात कमी. देशभर तपासलेल्या नमुन्यांत ती ४-५ टक्क्यांच्या आसपास दिसते; जस्ताची एक तृतीयांशाहून जास्त नमुन्यांत. महाराष्ट्राचा बराच भाग बेसाल्टचा आणि या खडकात किलोमागे साधारण १०० मिलिग्रॅम तांबं असतं, म्हणून त्यातून झालेल्या काळ्या आणि तांबड्या दोन्ही मातींत साठा बरा असतो. त्यामुळे पिवळं पान दिसलं की पहिला संशय तांब्यावर घेऊ नये. पण पुळणीची रेताड जमीन, अर्धवट कुजलेल्या काडीकचऱ्याची दलदल, किंवा चुना जास्त पडलेलं खाचर असेल आणि त्यात महिनाभर पाणी उभं असेल, तर तांब्याचा विचार करावाच लागतो. सुपारीच्या बागेत प्रश्न नेमका उलटा असतो. तो शेवटी.

पाण्याखाली काय घडतं

माती पाण्याने भरली की एक-दोन दिवसांत तिच्यातला ऑक्सिजन संपतो. जिवाणू श्वासासाठी दुसरं काही शोधतात: आधी नायट्रेट, मग मँगनीजचे ऑक्साइड, मग लोहाचे, आणि सगळ्यात शेवटी सल्फेट. उबदार आणि सेंद्रिय पदार्थ भरपूर असलेल्या जमिनीत लोहापर्यंतची मजल आठवड्या-दोन आठवड्यांत गाठली जाते, सल्फेटची पाळी त्यानंतर.

तांबं या साखळीत स्वतः फारसं भाग घेत नाही, पण ज्यांच्या आधाराने राहतं ते सगळे हलतात. चार गोष्टी होतात, आणि त्या एकमेकींच्या विरुद्ध ओढतात.

पहिल्या काही दिवसांत तांबं उलट थोडं सुटतं. लोह-मँगनीजचे ऑक्साइड विरघळले की त्यांना चिकटलेलं तांबं मोकळं होतं, आणि कुजणाऱ्या पाल्यातून निघालेली विद्राव्य सेंद्रिय द्रव्यं त्याला पाण्यात धरून ठेवतात. मातीतल्या पाण्यात असलेलं बहुतेक तांबं असं सेंद्रिय रेणूंना बांधलेलंच असतं. चिखलणीच्या वेळी गिरिपुष्पाचा पाला गाडला असेल तर हा काळ जास्त ठळक.

दुसरी गोष्ट सामूची, म्हणजे पीएचची. लोहाचं क्षपण (गंजण्याच्या उलटी क्रिया) आम्लता खातं, म्हणून ५.२ सामूची तांबडी माती दोन-तीन आठवड्यांत ६.५ च्या आसपास जाते. चुनखडीयुक्त काळी माती उलट्या दिशेने, ८.३ वरून ७.५ किंवा त्याखाली येते, कारण कोंडलेला कार्बन डायऑक्साइड. सामू एकाने वाढला की मोकळ्या तांब्याच्या आयनांची तीव्रता शंभरपट घटते. सेंद्रिय रेणूंना बांधलेला साठा हा धक्का बराच पचवतो, म्हणून पिकाला शंभरपट कमी मिळतं असं नाही. पण तांबड्या जमिनीत घसरण सुरू होते ती इथे.

तिसरी गोष्ट निर्णायक. सल्फेटपासून सल्फाइड तयार झालं की तांबं त्याला कडकडून मिठी मारतं. तांब्याचं सल्फाइड लोहाच्या सल्फाइडपेक्षा कितीतरी कमी विरघळणारं, त्यामुळे जमिनीत लोह ढीगभर आणि तांबं चिमूटभर असलं तरी सल्फाइड तांब्याला आधी गाठतं. खारभूमीत आणि गोव्याच्या खाजणांत समुद्राच्या पाण्यामुळे सल्फेट मुबलक असतं, म्हणून तिथे हे कुलूप लवकर आणि पक्कं लागतं. अमोनियम सल्फेट वर्षानुवर्षं टाकलेल्या खाचरातही सल्फेट कमी नसतं.

चौथी गोष्ट भाताच्या बाजूने आहे. भाताची मुळं पोकळ्यांतून हवा खाली नेतात आणि ती मुळाभोवती झिरपते. तिथे लोह गंजून मुळावर तांबूस थर बसतो आणि थोडी आम्लता तयार होते. ती तांबं सोडवते. म्हणून आजूबाजूला कुलूप असूनही भात आपल्यापुरतं मिळवतो. ऊस, सोयाबीन, हळद यांच्या मुळांना ही सोय एवढी नाही.

पाणी उतरलं की चक्र उलटं फिरतं. सल्फाइड हळूहळू गंजतं, सामू मूळ जागी येतो, तांबं परत मिळू लागतं. भातानंतरच्या वाल-कुळथाला म्हणून सहसा तक्रार नसते.

नमुना: वेळ आणि भांडी

मातीचा नमुना एप्रिल-मेमध्ये, खतं टाकण्याआधी घ्या. खाचरात नागमोडी चालत ८-१० ठिकाणी १५ सेंटिमीटर खोलीपर्यंतची माती काढायची. बांधालगतची जागा, शेणखताच्या ढिगाखालची जागा आणि राब भाजलेला तुकडा सोडायचा. सगळी माती एकत्र करून ढिगाचे चार भाग पाडायचे, समोरासमोरचे दोन भाग टाकत टाकत अर्धा किलो शिल्लक ठेवायची, सावलीत वाळवायची, लाकडी दांडक्याने फोडायची.

सगळ्यात जास्त चुका भांड्यांत होतात. पितळी चाळणी, तांब्याची परात, जस्ताचा मुलामा दिलेली बादली यांचा स्पर्श मातीला होता कामा नये. आपण मोजतोय किलोमागे मिलिग्रॅमचे अंश; पितळी चाळणीचे घासलेले कण एवढी भर सहज घालतात. प्लॅस्टिकचं घमेलं आणि स्टेनलेस स्टीलची किंवा स्वच्छ, न गंजलेली लोखंडी खुरपी वापरा. मोरचुदाच्या (कॉपर सल्फेटच्या) किंवा खताच्या रिकाम्या पिशवीत नमुना भरून पाठवणारेही असतात. तो नमुना फेकून द्यावा.

प्रयोगशाळेत डीटीपीए या द्रावणाने तांबं काढलं जातं: १० ग्रॅम माती, २० मिलिलिटर द्रावण, दोन तास हलवणं. आपल्याकडे ०.२ पीपीएम ही कमतरतेची सीमा धरतात. पाणी न साचणाऱ्या जमिनीत तो आकडा तसाच वाचायचा. महिनाभर पाण्याखाली राहणाऱ्या खाचरासाठी मात्र ०.२ ते ०.५ हा पट्टा आम्ही ‘काठावरचा’ समजतो आणि पान तपासल्याशिवाय निर्णय घेत नाही. १ पीपीएमच्या वर असेल तर तांब्याचा विषय बंद करून जस्त आणि निचऱ्याकडे वळावं.

पाणी उभं असताना चिखल काढून पाठवण्यात अर्थ नाही. वाळवताना हवा लागते, सल्फाइड गंजू लागतं, आणि आकडा पुन्हा कोरड्या जमिनीचाच येतो. त्या काळात पानाला विचारायचं.

पानाचा नमुना

फुटवे फुटण्याच्या काळात, वरून पूर्ण उलगडलेलं पहिलं पान घ्यायचं. साधारण ४०-५० पानं, खाचराच्या सगळ्या भागांतून. शक्य असेल तर रोगट दिसणाऱ्या आणि निरोगी दिसणाऱ्या भागांचे दोन वेगळे नमुने. एकाच आकड्यापेक्षा दोन आकड्यांतला फरक जास्त बोलतो.

पानं साबणाच्या पातळ पाण्यात, मग साध्या आणि शेवटी शुद्ध पाण्यात झटपट धुवायची. करप्यासाठी कॉपर ऑक्सिक्लोराइड हे तांब्याचं औषध फवारलं असेल तर त्या पानांची तांब्याची तपासणी करूच नका. धुऊनही पृष्ठभागावरचं तांबं पूर्ण जात नाही, आणि उपाशी पीक अहवालात तुडुंब भरलेलं दिसतं.

वाळलेल्या पानात किलोमागे ५ मिलिग्रॅमच्या खाली म्हणजे कमतरता, ७ ते १५ योग्य, २५ च्या वर विषबाधेची शक्यता.

लक्षणं: नवं पान की जुनं?

तांबं वनस्पतीत जुन्या पानातून नव्याकडे सहज सरकत नाही, म्हणून भूक आधी कोवळ्या पानावर दिसते. पान निळसर हिरवं, मग टोकाकडून पिवळं. पिवळेपणा मध्यशिरेच्या दोन्ही बाजूंनी खाली उतरतो, टोक गडद तपकिरी होऊन वाळतं. नवं पान उलगडत नाही: टोकाकडचा अर्धा भाग सुईसारखा, बुडाकडे मात्र नेहमीसारखं रुंद. पुढे परागकण वांझ राहतात आणि लोंबीत पोचट दाणे वाढतात.

लावणीनंतर दोन-चार आठवड्यांत जुन्या पानांवर गंजासारखे ठिपके आणि रोपं खुजी, तर ते बहुधा जस्त. खालच्या पानांवर टोकाकडून बारीक तपकिरी ठिपके येऊन पान काशाच्या भांड्याच्या रंगाचं दिसू लागलं, तर तांबड्या खाचरातली लोहाची विषबाधा. कोकणात या दोन्ही गोष्टी तांब्याच्या कमतरतेपेक्षा जास्त भेटतात. त्यात चुकून मोरचूद टाकली तर पैसा तर जातोच, शिवाय तांबं आणि जस्त मुळाशी एकमेकांशी स्पर्धा करतात, त्यामुळे जस्ताची भूक वाढते.

एक रोप चिखलासकट उपटून पाहा. मुळं तांबूस आणि टोकं पांढरी, तर हवा पोचतेय. मुळं काळी आणि सडक्या अंड्याचा वास, तर सल्फाइडचं राज्य आहे. तो काळा चिखल तळहातावर पसरून ठेवा; थोड्या वेळात वरचा थर काळ्याचा तपकिरी होत जातो. लोहाचं सल्फाइड हवेत गंजतं ते डोळ्यांसमोर दिसतं. तांब्याचं सल्फाइड इतक्या सहज हलत नाही.

उपाय, ज्या क्रमाने करायचे त्या क्रमाने

निचरा पहिला. फुटवे पुरेसे आले की ५ ते ७ दिवस पाणी काढून टाका, जमिनीला केसासारख्या भेगा पडेपर्यंत. लोंबी पोटात धरल्यावर किंवा फुलोऱ्यात हे करायचं नाही. जुलैच्या कोकणात हे सांगणं सोपं आहे. पावसाची उघडीप धरूनच बांधाला वाट करावी लागते, आणि तीनच दिवस मिळाले तरी ते घ्यावेत. युरियाचा हप्ता निचऱ्याच्या आधी देऊ नका. हवा लागल्यावर त्याचं नायट्रेट होतं आणि पुन्हा पाणी भरताच ते वायू होऊन उडतं. खारभूमीत हा उपाय टाळा. तिथे माती वाळली की क्षार वर येतात, आणि सल्फाइड जास्त असेल तर आम्लही तयार होतं. त्यापेक्षा पावसाच्या गोड्या पाण्याने खाचर धुऊन काढणं बरं.

माती आणि पान दोन्ही कमतरता सांगत असतील तरच जमिनीतून तांबं द्या. फिलिपिन्समधल्या आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेची शिफारस हेक्टरी ५ ते १० किलो तांबं, पाच वर्षांतून एकदा, अशी आहे. मोरचुदात तांबं सुमारे २४ टक्के, म्हणजे ५ किलो तांब्यासाठी हेक्टरी २१ किलो मोरचूद, एकरी साधारण साडेआठ किलो, गुंठ्याला २०० ग्रॅम. आम्ही खालच्या मात्रेलाच थांबायला सांगू. टाकलेलं तांबं पावसाने फारसं वाहून जात नाही आणि पीकही नेतं ते ग्रॅममध्ये, म्हणून जास्त झालं तर परत काढता येत नाही.

गुंठ्याची २०० ग्रॅम मोरचूद बारीक करून ५ किलो कोरड्या वाळूत मिसळा आणि पहिल्या नांगरटीनंतर, चिखलणीच्या किमान आठवडाभर आधी फेका. काळ्या, वास मारणाऱ्या चिखलात टाकली तर ती काही दिवसांतच सल्फाइडमध्ये अडकते. फॉस्फेटच्या खतात कालवून ठेवू नका, दोन्ही एकमेकांना बांधून टाकतात.

मोरचूद घेताना रंग बघा. शुद्ध स्फटिक गडद निळे असतात. हिरवट झाक म्हणजे हिराकस (लोहाचं सल्फेट) मिसळल्याचा संशय. चिमूटभर तव्यावर तापवली तर पाणी उडून पांढरी पडते. तो तवा पुन्हा स्वयंपाकाला नको.

लावणीच्या वेळचा स्वस्त पर्याय म्हणजे मुळं बुडवणं: लिटरला १० ग्रॅम मोरचूद, एक तास. आधी एक जुडी बुडवून लावा आणि तीन दिवस पाहा. रोपं फार कोवळी असतील तर मुळांची टोकं करपतात. उरलेलं पाणी ओढ्यात किंवा विहिरीजवळ ओतू नका, मासे आणि खेकडे यांना तांबं फार थोड्यात मारतं. खाचरातच पातळ करून पसरवा.

उभ्या पिकात तातडीची गरज असेल तर फवारणी: १०० लिटर पाण्यात १०० ग्रॅम मोरचूद आणि ५० ग्रॅम चुना, दोन्ही प्लॅस्टिकच्या भांड्यांत वेगवेगळे विरघळवून एकत्र केलेले. एकराला २०० लिटर. चुना टाळला तर पानं भाजतात. पुरला की नाही हे तपासायला घासलेली लोखंडी सुरी मिनिटभर द्रावणात बुडवा. पात्यावर लालसर थर आला तर तांबं अजून मोकळं आहे, चुना वाढवा. याच कारणाने लोखंडी पिंपात मोरचूद कधी विरघळवायची नाही: तांबं पिंपाच्या भिंतीवर बसतं आणि पिकावर जातं ते लोहाचं पाणी.

शंका असेल तर आधी बादलीत करून पाहा. भोक नसलेल्या दोन प्लॅस्टिकच्या बादल्यांत खाचराची ८-८ किलो माती भरा. लिटरभर पाण्यात ८ ग्रॅम मोरचूद विरघळवा, त्यातलं १० मिलिलिटर एका बादलीच्या मातीत नीट कालवा. हे किलोमागे २.५ मिलिग्रॅम तांबं झालं, म्हणजे जवळपास शेतातली हेक्टरी साडेपाच किलोची मात्रा. दोन्हींत पाच सेंटिमीटर पाणी ठेवून तीन-तीन रोपं लावा. सहा आठवड्यांत फरक दिसला नाही तर मोरचुदाचे पैसे वाचले.

नदीचा पूर आणि काळी जमीन

२०१९ आणि २०२१ च्या पुरात कोल्हापूर-सांगलीकडच्या उसात कित्येक दिवस पाणी होतं. अशा जमिनीत तांब्याची काळजी शेवटच्या रांगेतली. सामू खाली येतो, आठ-दहा दिवसांत सल्फाइडपर्यंत मजल क्वचितच जाते, आणि मुळात साठा चांगला असतो. पाणी ओसरल्यावरचा पिवळेपणा सहसा नत्र उडून गेल्याचा आणि कोंडलेल्या बायकार्बोनेटमुळे लोह न मिळाल्याचा. आणखी एक कारण सहज निसटतं. मुळांशी सहजीवन करणारी बुरशी पाण्याखाली मरते. स्फुरद, जस्त आणि थोडं तांबंही तीच आणून देत असते. त्यामुळे पुढच्या मका-ज्वारीच्या रोपांना जांभळट झाक दिसू शकते. मोरचूद नको, बियाण्याजवळ थोडं स्फुरद द्या. वर बसलेल्या गाळाचा नमुना मूळ मातीत न मिसळता वेगळा पाठवा, विशेषतः शेत शहराच्या खालच्या अंगाला असेल तर.

सुपारीची बाग

कोळेरोगासाठी (सुपारीची फळं कुजवणारा बुरशीचा रोग) सिंधुदुर्ग आणि गोव्यात पावसाळ्यात १ टक्का बोर्डो मिश्रण फवारतात: १०० लिटरला १ किलो मोरचूद, १ किलो चुना. २०० लिटरच्या एका पिंपात जवळपास अर्धा किलो तांबं. तुमच्या बागेचा हिशेब असा मांडा: हेक्टरी वर्षाला १० पिंपं म्हणजे सुमारे ५ किलो तांबं, २० वर्षांत १०० किलो. १५ सेंटिमीटरच्या थरात हेक्टरी साधारण २२ लाख किलो माती असते, म्हणजे किलोमागे ४५ मिलिग्रॅमची भर. थोडं सालीबरोबर बाहेर जातं, बरंचसं पावसाने खाली धुऊन येतं आणि वरच्या थरातच बसतं. तुलनेसाठी, युरोपीय संघाने २०१९ पासून तांब्याच्या औषधांना हेक्टरी ७ वर्षांत २८ किलोची मर्यादा घातली आहे.

पाणी साचलेलं असेपर्यंत या तांब्याचा त्रास कमी जाणवतो. धोका दोन वेळांना. साचल्यावरच्या पहिल्या काही दिवसांत, कुजत्या झावळ्यांच्या तपकिरी पाण्याबरोबर ते चरातून खालच्या खाचरात उतरतं. आणि पाणी ओसरल्यावर, सामू ५ कडे घसरताना ते मोकळं होतं. सुपारीची मोठी झाडं सोसतात. नवी रोपं, मिरीच्या वेली आणि केळीचे मुनवे सोसत नाहीत. मुळं आखूड, जाड, तपकिरी, बारीक उपमुळं नाहीत, आणि कोवळी पानं लोह मिळत नसल्यासारखी पिवळी.

बागेचा नमुना ० ते ५ आणि ५ ते १५ सेंटिमीटर असा दोन थरांत घ्या. एकत्र केला तर वरचा जाड साठा पातळ होऊन लपतो. सामू ५.५ च्या खाली असेल तर चुन्याची मात्रा प्रयोगशाळेकडून काढून सामू ६ ते ६.५ वर आणा. इथे चुना तांब्याला बांधतो ते आपल्याला हवंच आहे, रेताड खाचरात नेमकं तेच नको असतं. पावसाआधी चर मुळांच्या थरापेक्षा खोल करून साफ करा आणि त्यातला काळा गाळ नव्या रोपांच्या खड्ड्यात टाकू नका. नव्या खड्ड्यात वरची माती न भरता ३० सेंटिमीटरखालची माती आणि चांगलं कुजलेलं शेणखत भरा. फवारणीचं पिंप जिथे दरवर्षी कालवलं जातं ती जागा ओळखून ठेवा, तिथे काहीही लावू नका.